रुग्ण आणि सिस्टर यांच्यातले नाते जुळते कुठे, आणि ते संपवायचे कसे?

रानजाई

नमस्कार. मी एका जिल्हा रुग्णालयात परिसेविका (वॉर्डप्रमुख सिस्टर) आहे. अठरा वर्षे अधिपरिचारिका म्हणून वेगवेगळ्या वॉर्डांत काढल्यानंतर गेली चार वर्षे पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड माझ्याकडे आहे. आमच्या अभ्यासक्रमात रुग्ण-परिचारिकेच्या ज्या नात्याला ‘उपचारात्मक नातेसंबंध’ असे जडशीळ नाव आहे, त्याविषयी येथे लिहायचे आहे, कारण गेल्या महिन्यात एका रुग्णाच्या बाबतीत मी जशी वागले ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

रुग्ण साठीच्या पुढचे शेतकरी होते. मधुमेह जुना, उजव्या तळपायाची जखम चिघळलेली, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काळे पडलेले. रोज सकाळी ड्रेसिंग होत असे आणि त्या वेळी हे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडत; विचारलेल्या प्रश्नाला ‘हं’ किंवा ‘नाही’ याखेरीज उत्तर देत नसत. साखर तपासायला बोट पुढे करायचे आणि इन्सुलिनला दंड, एवढाच आमचा व्यवहार होता. शिकाऊ मुलींनी त्यांना ‘चौदा नंबरचे मुके बाबा’ असे नाव ठेवले होते, आणि सांगायला लाज वाटते, पण पाळी बदलताना ओव्हर (रुग्णांची माहिती) घेता-देताना ते नाव माझ्याही तोंडून एकदा गेले.

पाचव्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुपारी चारला भेटीची वेळ सुरू होण्याच्या जरा आधी ते उशाचा पंचा ओढून पायावर टाकायची धडपड करीत, पण वाकता येत नसल्यामुळे तो गुडघ्याच्या खाली काही पोहोचत नसे. चार वाजता सून डबा घेऊन येत असे. तिच्यासमोर तो पाय उघडा पडू नये, त्याचा वास तिच्यापर्यंत जाऊ नये, यासाठी ती खटपट होती. दुसऱ्या दिवशी मी पावणेचारला गेले, ड्रेसिंगवरचे भिजलेले पॅड बदलले, पायावर धुतलेली चादर पसरून ती पायथ्याशी खोचली आणि एक शब्दही न बोलता पुढच्या खाटेकडे वळले. संध्याकाळी औषधे वाटताना त्यांनी मला विचारले, “बाई, तुमचं गाव कोणतं?”

वॉर्डात काम केलेल्यांना या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढे दोन्ही बोटे काढायचे ठरले. सकाळच्या राऊंडला सर्जनसाहेबांनी दोन वाक्यांत ते सांगितले आणि यांनी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून मान डोलावली. राऊंड पुढे सरकल्यावर मात्र त्यांनी मला हळूच विचारले, “दोन बोटं गेल्यावर चप्पल पायात राहील का? रानात जावं लागतं.” मला खरोखरच ठाऊक नव्हते. ‘काही काळजी करू नका, सगळं नीट होईल’ हे वाक्य ओठांवर आले होते, पण ते गिळून मी म्हटले, “मला माहीत नाही. विचारून दोनच्या आत सांगते.” सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट अशा दोघांना गाठून मी पावणेदोनला परत गेले आणि सांगितले की साधी अंगठ्याची चप्पल चालणार नाही, मागे पट्टा असलेली, पुढून रुंद, मऊ तळाची एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल घालावी लागेल, आणि रानात अनवाणी पाऊल टाकायचे नाही. संध्याकाळी त्यांनी संमतिपत्रावर सही केली.

आता माझा प्रश्न. घरी जायचे दिवस जवळ आले तसा त्यांनी माझा फोन नंबर मागितला. मी माझा न देता वॉर्डाच्या दूरध्वनीचा क्रमांक दिला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, पण चेहरा उतरला. त्यानंतर खाटेची निकड निघाली म्हणून त्यांना ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, नेमक्या माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सोडण्यात आले. मी कामावर आले तेव्हा चौदा नंबरवर अपघाताचा मुलगा होता. वॉर्डातल्या मावशींनी सांगितले की डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावरही ते दुपारपर्यंत पायऱ्यांवर बसून होते. एसटीच्या वेळेसाठी की आणखी कशासाठी, हे काही मावशींना सांगता येईना.

मी नंबर द्यायला हवा होता का? आणि असे नाते संपवण्याची काही रीत आपल्याकडे आहे का?

खडूफळा

रानजाई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मी परिचर्या महाविद्यालयात मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय शिकवते, त्यामुळे आधी थोडी पुस्तकी बाजू मांडते.

हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली या नात्याची मांडणी केली. तिच्या मते ते चार टप्प्यांतून जाते. पहिल्यात दोन अनोळखी माणसे एकमेकांना जोखतात. दुसऱ्यात ‘ही बाई माझ्या कामी येईल’ असे रुग्णाला वाटू लागते. तिसऱ्यात तो तिच्या ज्ञानाचा आणि मदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो. चौथ्यात गरज सरते आणि दोघेही मोकळे होतात. तिसऱ्या टप्प्याच्या इंग्रजी नावाचे, ‘एक्स्प्लॉयटेशन’चे, भाषांतर दरवर्षी कोणी ना कोणी ‘शोषण’ असे करते. एका विद्यार्थिनीने तर ‘या टप्प्यात रुग्ण परिचारिकेचे शोषण करतो’ असे लिहून खाली रात्रपाळीचे उदाहरण दिले होते, आणि त्या उत्तराला गुण द्यावेत की नाही यावर आम्ही दोघी पाठ्यनिर्देशिका बराच वेळ हसत बसलो होतो.

तुमच्या हकिगतीत चादर हा पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचा क्षण आहे आणि चप्पल हा सरळसरळ तिसरा टप्पा. चप्पलेच्या वेळी तुम्ही जे केले त्यात खोटा दिलासा टाळणे हा अर्धाच भाग झाला. दोनच्या आत सांगते म्हणून पावणेदोनला जाणे, हा माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या लेखनात स्पष्ट म्हटले आहे की रुग्णाला श्रमांपेक्षा अनिश्चितता, वाट पाहणे आणि अवचित काही घडण्याची भीती अधिक अपाय करतात. ‘येते हं’ म्हणून न येणारी सिस्टर गोड बोलत असली तरी रुग्णाच्या लेखी ती अविश्वासूच ठरते.

चौथा टप्पा तुमच्याकडे झाला नाही, आणि त्याला शेवटच्या दिवशीची सुट्टी कारणीभूत नाही. शेवटाची तयारी पहिल्या दिवशी करायची असते: ‘मी या आठवड्यात सकाळपाळीला आहे, मंगळवारी माझी सुट्टी असते, तेव्हा अमुक सिस्टर तुमचे ड्रेसिंग करतील, आणि जखम भरत गेली तर साधारण पंधरवड्यात तुम्ही घरी जाल.’ हे तुम्ही सांगितले होते का?

नंबर दिला नाहीत हे योग्यच केलेत. मात्र तो का देत नाही, हे त्यांना सांगायला हवे होते असे वाटते.

ब्रदर विदर्भातला

सर्व चर्चा वाचली. आदर राखून एक कडू गोष्ट लिहितो.

माझ्या वॉर्डात रात्री अठ्ठेचाळीस रुग्णांमागे मी एकटा असतो. रात्रपाळी बारा तासांची धरली तरी सातशे वीस मिनिटे होतात, म्हणजे एका रुग्णाच्या वाट्याला पंधरा मिनिटे. त्यातून इंजेक्शने, सलाईन बदलणे, बीपी-तापमानाच्या नोंदी, दोन नवे दाखल रुग्ण, एखादा मृत्यू आणि त्याची कागदपत्रे वजा केली तर जे उरते त्यात पेप्लाऊ बाईंचा कोणता टप्पा बसवायचा, हे पाठ्यनिर्देशिकांनी सांगावे. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सामान्य वॉर्डासाठी अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे सांगतात. ते आम्ही परीक्षेपुरते पाठ केले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. अठ्ठेचाळीसचा हिशेब ज्याने त्याने करावा. नात्याविषयी बोलताना आधी रिक्त पदांविषयी बोलले नाही, तर शेवटी सगळा दोष ‘सिस्टर तुसड्यासारख्या बोलतात’ यावर येऊन थांबतो, आणि नातेवाइकांचा हात आमच्या कॉलरपर्यंत येतो. अशा मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री अडीच वाजता वॉर्डात तो कायदा नसतो, मी असतो.

रानजाई

खडूफळा, नाही, पहिल्या दिवशी मी यातले काहीच सांगितले नव्हते. सुट्टीचे तर कोणालाच सांगत नाही. ‘सिस्टर उद्या नाहीत’ हे रुग्णाला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळते.

ब्रदर, तुमच्या आकड्यांवर माझ्याजवळ उत्तर नाही आणि मी देणारही नाही. एवढेच म्हणते की त्या चादरीला मला दीड मिनिट लागले असेल. मी वेगळा वेळ काढला नव्हता, पॅड तर बदलायचेच होते, फक्त ते चारच्या नंतर न बदलता आधी बदलले.

ब्रदर विदर्भातला

मान्य. पण ताई, ते दीड मिनिट सापडण्याआधी पाच दिवस तुम्हाला त्या खाटेकडे नीट पाहता आले. अठ्ठेचाळीस जणांकडे पाहता येत नाही, नजर फक्त सलाईनच्या बाटलीवर असते. नाते चांगल्या मनाच्या जोरावर दीड मिनिटात जुळते असे एकदा का ठरले, की मग पदे भरायची गरजच काय, असे कोणीतरी फाइलीवर लिहून मोकळे होईल. माझी भीती ती आहे.

निवृत्त हेडमास्तर

मी या व्यवसायातला नाही, खाटेवरचा आहे. गेल्या वर्षी प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी नऊ दिवस रुग्णालयात होतो. माझे वय तेव्हा एकसष्ट होते. पहिल्या संध्याकाळपासून सर्वजण मला ‘आजोबा’ म्हणू लागले. ‘आजोबा, कुशीवर व्हा’, ‘आजोबा, लघवी किती झाली?’ आयुष्यभर ‘सर’ ऐकलेल्या माणसाला एका रात्रीत आजोबा केले गेले, आणि त्यातही वाईट म्हणजे तिसऱ्या दिवशी मी स्वतःच आजोबांसारखा वागू लागलो. पाणी स्वतः ओतून घेता येत असताना हाक मारू लागलो.

मला कल्पना आहे की आपल्याकडे काका, मावशी, आजी, दादा म्हणणे ही आपुलकीची रीत आहे, आणि खेड्यातून आलेल्या माणसाला ‘मिस्टर’ म्हटले तर तो बुजेल. परंतु नाते लावण्याआधी नाव विचारायला काय हरकत आहे? माझ्या शेजारच्या खाटेवर हमालीचे काम करणारा एक तिशीतला माणूस होता. त्याला सगळे सरसकट ‘ए, ऊठ रे’ म्हणत. मला ‘अहो’ आणि त्याला ‘अरे’, हा फरक कशावरून ठरला हे आम्हा दोघांनाही कळत होते. त्या वॉर्डात एक केरळी सिस्टर होत्या. त्यांचे मराठी मोडके होते, पण त्या सर्वांना ‘अहो’ म्हणत, बहुधा ‘अरे’ कसे वापरायचे हे त्यांना शिकवायला कोणाला सुचले नसावे. दुखते आहे असे तो हमाल फक्त त्यांनाच सांगे.

टेम्सकाठची

हेडमास्तर, तुमच्या प्रतिसादावरून लिहिते. मी सात वर्षांपासून इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. त्याआधी पुण्यात होते. येथे दाखल करून घेतानाच रुग्णाला ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?’ असे विचारतात आणि ते नाव खाटेच्या वरच्या फळ्यावर लिहितात. आरंभी मला हे कृत्रिम वाटले, कारण आपल्याकडे नाते लावले की नावाची गरजच उरत नाही.

त्याच्या उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. केट ग्रेंजर नावाच्या तरुण डॉक्टर स्वतः कर्करोगाने आजारी होत्या. २०१३ साली रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या ध्यानात आले की उपचार करायला येणारी बरीचशी माणसे आपले नाव सांगतच नाहीत. त्यातून त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ साली त्या गेल्या, पण माझ्या गणवेशावर अजूनही त्या शब्दांचा बिल्ला असतो. पुण्यात मी पाच वर्षे ‘सिस्टर’ होते. एकाही रुग्णाला माझे नाव माहीत नव्हते आणि मीही कधी सांगितले नाही.

फोन नंबरच्या बाबतीत येथे प्रश्नच उद्भवत नाही, द्यायचा नाही म्हणजे नाही. माझ्या रुग्णालयात भेटवस्तूंचेही तेच. नियम सोयीचा आहे हे खरे, पण कधीकधी मी त्या नियमाच्या आड लपते हेही खरे. एका वृद्ध बाईंनी मला स्वतः विणलेला रुमाल देऊ केला, तेव्हा मी तो का घेऊ शकत नाही हे सांगताना माझा आवाज कसा कागदी झाला होता, ते अजून आठवते.

टाका आणि गाठ

मी सर्जन आहे. माझ्या जमातीची एक कबुली देतो.

काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर एका चाळिशीतल्या रुग्णाला तिसऱ्या रात्री दरदरून घाम, हातांना कंप आणि विलक्षण अस्वस्थता सुरू झाली. आधी दाखल करताना मी ‘दारू पिता का?’ असे विचारले होते, शेजारी बायको उभी होती, आणि त्याने ‘नाही’ म्हटले होते. मी केसपेपरवर तसेच लिहिले. त्या रात्री सिस्टरांनी सलाईनची गती लावता लावता त्याला विचारले, “घरी असता तर या वेळेला काय करत असता?” तो म्हणाला, “झोपलेलो असतो. एक क्वार्टर झाली की झोप येते.” रोज घेणाऱ्याची तीन दिवस तुटली होती. दारू सुटल्यावरचा गंभीर भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत उफाळतो. सिस्टरांनी मला दोन वाजता उठवले, लोराझेपाम (शामक औषध) आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) वेळेवर मिळाले, आणि सकाळी रुग्ण शुद्धीवर होता.

माझा प्रश्न होय-नाहीचा होता, त्यांचा तसा नव्हता. पण तेवढाच फरक नव्हता, कारण तोच प्रश्न मी विचारला असता तरी त्याने मला ते सांगितले असते असे वाटत नाही. रानजाईंच्या शेतकऱ्याने चपलेचे सर्जनला विचारले नाही, यात मला नवल वाटले नाही, फक्त थोडे टोचले.

कोकणकडा

मी मनोरुग्णालयात ब्रदर आहे. आमच्याकडे नाते हेच निम्मे औषध असते, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

शिकाऊ असताना सर्वांनी ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहिलेले असते: रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, त्या वेळी मला काय वाटले, आणि मी कोणते तंत्र वापरले. बहुतेक जण ते रात्री वसतिगृहात बसून कल्पनेने लिहितात. मीही लिहिले होते. नोकरीला लागल्यावर एकदा खरेखुरे लिहून पाहिले, तेव्हा दिसले की दहा मिनिटांच्या संभाषणात सात वेळा मी रुग्णाचे वाक्य अर्ध्यात तोडले होते आणि प्रत्येक वेळी उपदेशच केला होता. तंत्राच्या रकान्यात लिहायला काही नव्हते. गप्प बसणे हेही तंत्र आहे, हे परीक्षेत लिहिताना जेवढे सोपे वाटते तेवढे एका रडणाऱ्या माणसासमोर स्टुलावर बसून वाटत नाही.

दुसरी गोष्ट बळाच्या वापराची. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही, एकांतात कोंडता येत नाही, आणि शारीरिक बंधन केवळ तातडीचा धोका टाळण्यापुरते, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने आणि कमीत कमी वेळ वापरता येते. असे बंधन घालणाऱ्या हातांत माझे हात असतात. त्यामुळे ते काढल्यावर, रुग्ण शांत झाल्यावर, मी त्याच्यापाशी जाऊन बसतो आणि सांगतो की काल तुला धरणाऱ्यांत मी होतो, का धरले, आणि तुला तेव्हा काय वाटले ते सांग. एकाने सांगितले, “तू पाय धरलास ते ठीक, पण तू हसत होतास.” मी हसत नव्हतो, घाबरलो की माझा चेहरा तसा होतो. पण त्याने जे पाहिले ते पाहिले. आमचे बोलणे पुन्हा सुरू व्हायला तीन आठवडे लागले.

खडूफळा, चौथा टप्पा आमच्याकडे कित्येकदा येतच नाही. बरा झालेला माणूस न्यायला घरचे येत नाहीत, आणि मग कोणी कोणापासून मोकळे व्हायचे?

गिरणगावकर

कोकणकडा यांच्या शेवटच्या प्रश्नावरून आमच्या परळच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या स्वतः तेथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, आणि तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या कित्येक तुकड्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. इतक्या वर्षांत पाठीवर एकही शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) नाही, ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. इच्छामरणाच्या याचिकेवरील २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील याच कर्मचाऱ्यांचा मानला.

इच्छामरणाचा वाद मला येथे काढायचा नाही. विचारायचे ते इतकेच की ज्या नात्यात दुसरी बाजू एक शब्दही बोलू शकत नाही, ज्याला शेवटचा दिवस ठरलेला नाही, ते ‘उपचारात्मक’ म्हणायचे का? १९७३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी ते पाळीपाळीने चालवले. मर्यादा ओलांडल्याची उदाहरणे शिकवताना हे कोणत्या बाजूला घालायचे?

खडूफळा

गिरणगावकर, मी हे उदाहरण वर्गात दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा माझे स्वतःचे उत्तर वेगळे आले. एका गोष्टीवर मात्र मी आता ठाम आहे. ते कोणा एकीचे नाते नव्हते म्हणूनच एवढी वर्षे टिकले. एकीकडून दुसरीकडे दिले गेले. आपण ओव्हर देतो त्यात औषधे, सलाईन, नळ्या सर्व असते, परंतु ‘चौदा नंबरला भेटीच्या वेळेआधी पाय झाकून लागतो’ हे कोणी देत नाही. रानजाई, तुम्ही दिले होते का?

रानजाई

नाही, दिले नव्हते. मला वाटते मनातून ते फक्त माझेच राहावे असे वाटत होते, आणि हे लिहितानाही बरे वाटत नाही.

सर्वांचे प्रतिसाद आठवडाभर वाचत होते. उत्तर द्यायला उशीर झाला त्याचे कारण असे की गेल्या गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास वॉर्डाचा फोन वाजला. रात्रपाळीच्या सिस्टरांनी तो घेतला. तेच शेतकरी होते आणि मला विचारत होते. मी घरी होते. सिस्टरांनी ‘त्या नाहीत’ म्हणून फोन ठेवला नाही. काय होते आहे ते विचारले. टाक्यांच्या जागेजवळ नवा फोड आला होता, पाय गरम लागत होता आणि साखर दोन दिवस तपासली नव्हती. सिस्टरांनी सकाळच्या पहिल्या एसटीने यायला सांगितले, आणि ते आले. आता ते अकरा नंबरवर आहेत, चौदा रिकामी नव्हती.

फोड का आला हे विचारले तेव्हा कळले की एमसीआरची चप्पल त्यांना मिळालीच नव्हती. तालुक्याच्या बाजारात दोन दुकाने पालथी घातली, दुकानदारांनी नावही ऐकले नव्हते, आणि शेवटी मुलाचे जुने बूट घालून ते रानात गेले. चप्पल कशी असावी हे मी दोनच्या आत जाऊन सांगितले, याचा मला केवढा अभिमान वाटत होता. ती मिळते कुठे आणि किंमत किती, हे मी विचारलेही नव्हते आणि सांगितलेही नव्हते. आज फिजिओथेरपी विभागातून पत्ता काढला. आमच्या रुग्णालयापासून दोन गल्ल्या सोडून एक कारागीर पायाचे माप घेऊन त्या बनवून देतो. सुनेला सोबत घेऊन उद्या माप द्यायला पाठवायचे आहे.

या खेपेला पहिल्याच दिवशी मी त्यांना माझे नाव सांगितले, पाळी सांगितली आणि मंगळवारी माझी सुट्टी असते हेही सांगितले. त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, “मंग मंगळवारी त्या फोनवाल्या बाई असतील ना?” मी पाळ्यांचा तक्ता पाहिला. त्या मंगळवारी दुपारपाळीला आहेत. पाय झाकण्याचे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.